नळी पोचल्याचा दाखला

डिसेंबरच्या एकतीस तारखेला दुपारी बाराच्या तोफेला सेरिंदित बेटावरची सगळी अफू बेकायदा ठरणार होती, आणि त्याच तोफेला ती पुन्हा कायदेशीर ठरणार होती. यात काही विसंगती नाही. तोफेआधी अफूचा मक्ता ताऊके, म्हणजे चिनी शेठ, गान यांच्याकडे होता, तोफेनंतर तो ताऊके खाव यांच्याकडे जायचा होता. दर तीन वर्षांनी हे होते. सरकार स्वतः अफू विकत नाही. सरकार फक्त ती विकण्याचा हक्क विकते, आणि लोक ती फार ओढतात याबद्दल दरवर्षी एक चिंताग्रस्त अहवाल छापते.

मी सरकारी रासायनिक परीक्षकांचा मदतनीस. दोन्ही मक्तेदारांचा चंडू, म्हणजे ओढण्यासाठी शिजवलेली अफू, मी तपासला होता. एकाच जहाजातून आलेल्या पेट्या, त्याच तांब्याच्या कढया, तोच आचारी आणि ढवळायला तीच लांब दांड्याची पळी. गान यांच्या डबीवर हिरवे लेबल असे, खाव यांच्या डबीवर लाल. अहवालात मी लिहिले, ‘फरक : रंग.’ त्याखाली वरिष्ठांनी लिहिले, ‘पुरेसा आहे.’

कायद्यानुसार तोफेनंतर ज्याच्याकडे हिरव्या लेबलाचा चंडू सापडेल तो चोरट्या मालाचा धनी. चंडूमध्ये नळीत साचलेले काळे किटणही धरले जाते, कारण ते पुन्हा उकळून विकता येते. म्हणून त्या आठवड्यात गल्लीगल्लीतून नळ्या खरवडल्याचा आवाज येतो. आमच्या बेटावर वर्ष संपल्याची हीच खूण.

त्या वर्षी एक नळी खरवडायची राहिली. तिचा मालक चुआ केंग स्वी एकोणतीस तारखेला सकाळी वारला. होड्यांच्या नाकाडावर डोळे रंगवणे हा त्याचा धंदा. आमच्या बाजूला बिनडोळ्यांची होडी कोणी पाण्यात घालत नाही. संध्याकाळची एक नळी ओढल्याशिवाय त्याला झोप लागत नसे, आणि झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशीच्या होड्या तिरळ्या होत. त्याच्या बायकोने, म्हणजे बिबिक गुअत निओने (आमच्याकडे मावशीला बिबिक म्हणतात), त्याला पेटीत ठेवताना उजव्या हाताशी कुंचला ठेवला आणि डाव्या हाताशी नळी. मग झाकणाला खिळे मारले. पंचांग बघणाऱ्याने दफनाचा मुहूर्त काढला दोन जानेवारीचा, सकाळी नऊ ते अकरा. त्यानंतरचा मुहूर्त एकेचाळीस दिवसांनी होता. घर दोन खोल्यांचे, त्यात पेटी पुढच्या खोलीत, आणि आमच्या बेटावर हिवाळा नसतो.

तोफ झाली आणि खाव यांचे गस्तवाले घरोघर निघाले. चुआच्या घरी आह तियाम आला. त्याने आधी उदबत्ती लावली, पेटीसमोर तीनदा वाकला, मग वही काढली.

“बिबिक, घरात जुन्या मक्त्याचं काही?”

“एक नळी आहे.”

“खरवडली?”

“नाही. खरवडलेली त्याला आवडायची नाही. चव जाते म्हणायचा.”

“कुठंय?”

“त्याच्यापाशी.”

“मग बोलवा की त्याला.”

बिबिकने पेटीकडे बोट केले. आह तियामने वही मिटली, पुन्हा उघडली.

“अहो, तुम्ही ‘काही नाही’ म्हणाला असतात तर मी आत्ता शेजारच्या घरात असतो.”

“नवरा समोर झोपलाय आणि मी खोटं बोलू? तीस वर्षं बोलले नाही.”

“पेटी उघडावी लागेल.”

“उघड ना. पक्कड देऊ? पण झाकण निघालं की तो आधी तुझ्याकडेच बघेल. सगळं आयुष्य डोळ्यांत गेलंय त्याचं, नजर धरली की सोडत नाही.”

आह तियाम पगार मक्त्याचा घेत असला तरी जन्माने आमच्याच गल्लीतला होता. खिळे मारलेली पेटी उघडणे त्याच्या आईने त्याला शिकवले नव्हते. त्याने मधला मार्ग काढला. पेटीवर मक्त्याचा लाल कागद चिकटवला, ‘माल अडकवला आहे, हलवू नये’, आणि घाईने निघून गेला. सुतकाच्या घरात आम्ही लाल धागासुद्धा ठेवत नाही. समोरच्या दुकानातली बाई कागद बघून विचारायला आली, की घरात एवढ्यात लग्न कुणाचे काढले.

दुपारी तीन वाजता बिबिक मक्ता कचेरीत आली. मी तिथेच होतो, कारण हस्तांतरणाच्या दिवशी तराजू माझ्या ताब्यात असतात. मक्ता अधीक्षक पेंडलबरी साहेब सज्जन गृहस्थ होते. कोणालाही नाही म्हणण्यापूर्वी ते त्या नकाराचे कलम शोधत, आणि कलम सापडले नाही तर खरोखर दुःखी होत.

त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले आणि कायद्याचे पुस्तक उघडले. “अडकवलेला माल तीन प्रकारे सोडता येतो. पहिला, मक्तेदाराच्या हाती देणं.”

“म्हणजे पेटी उघडायची. दुसरा सांगा.”

“माझ्यासमक्ष जाळणं.”

“नवऱ्याला जाळू? आमच्यात पुरतात, तुआन.”

“तिसरा, बेटाच्या हद्दीबाहेर पाठवणं. पण स्मशानभूमी तर हद्दीतच आहे. टेकडीच्या मागे.”

“टेकडीमागे हाडं राहतात,” बिबिक म्हणाली. “तो थोडाच तिथं राहणार? तो पुढे जातो. नळी घेऊन जातो. नाहीतर मी पेटीत ठेवली कशाला?”

साहेबांनी टाक खाली ठेवला. “म्हणजे मृत माणूस इथून निघून दुसरीकडे जातो, असं अर्जदाराचं म्हणणं आहे?”

“तुमच्यात जात नाही?”

साहेबांनी टाक पुन्हा उचलला. ते दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत. मृत माणूस कुठेही जात नाही असे सरकारी कागदावर लिहायचे तर आधी बिशपना कळवावे लागले असते. जातो असे लिहायला मात्र काहीच अडचण नव्हती. त्यांनी घंटी वाजवली आणि निर्यात परवान्याचा नमुना मागवला.

“जहाजाचं नाव?”

“पेटीच की. सागवानी आहे.”

“मालाचं वजन?” साहेबांनी माझ्याकडे पाहिले. “तुम्ही शास्त्र शिकला आहात. बंद पेटीतल्या नळीतलं किटण किती?”

मी हिशेब केला. रोज एक नळी, तीस वर्षे. तीस वर्षांत दहा हस्तांतरणे झाली, आणि या माणसाने एकदाही नीट खरवडलेले नाही. झाडाच्या खोडात वलये असतात तसे त्या नळीत दहा मक्तेदारांचे दहा थर असणार, एकावर एक. त्यातला फक्त शेवटचा थर गान यांचा. म्हणजे वर्षानुवर्षे ही एकच नळी दहापट बेकायदा होत आली होती आणि त्याची झोप मात्र अखंड होती. हे मी मनात ठेवले. कागदावर लिहिले, ‘दोन तोळे, अधिक-उणे दोन तोळे.’

“अचूक काम आहे,” साहेब म्हणाले. “आता गंतव्य बंदर. आणि तिथे माल उतरल्याचा, तिथल्या अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचा दाखला. तो आल्याशिवाय लाल कागद काढता येणार नाही.”

मला वाटले, इथे प्रकरण संपले. बिबिकने मात्र हातरुमालाला गाठ मारली आणि विचारले, “एकच प्रत लागेल की दोन?”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला तिच्याबरोबर देवळात पाठवले, ‘नमुना योग्य आहे ना, ते पाहण्यासाठी’. ताओपंथी पुरोहित थाय पेक देवळाच्या मागच्या खोलीत तांदळाची पेज पीत बसले होते. त्यांना हसू येईल अशी माझी अपेक्षा होती. ते हसले नाहीत. त्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि चष्मा लावला.

“तिकडचा दाखला? कुठल्या खात्याचा? वेशीचा, जकातीचा, की नोंदणीचा?”

“माल उतरल्याचा, गुरुजी,” बिबिक म्हणाली.

“म्हणजे जकात.” त्यांनी भिंतीतला खण ओढला. आत छापील नमुन्यांचे गठ्ठे होते, पिवळ्या कागदावर, प्रत्येकाला क्रमांक. आम्ही जिवंतपणी ज्या कचेरीला भितो, तिची मोठी शाखा मेल्यावर लागते, हे आमच्या लोकांना लहानपणापासून ठाऊक असते. पण तिचे कपाट आमच्या कचेरीपेक्षा नीटनेटके असेल, असे मला वाटले नव्हते.

“मृताचं नाव, गाव, धंदा, बरोबरचा माल,” गुरुजी लिहीत गेले. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. “तुमच्या साहेबाचं मागणीपत्र?”

मी ते दिले. त्यांनी ते उजेडात धरले आणि परत केले.

“शिक्का गोल आहे. गोल शिक्का तिकडे घेत नाहीत.”

“मग?”

“चौकोनी लागतो. हे नियम मी नाही केलेले, बाबा. माझ्यावर कशाला चिडता?”

मी कचेरीत परतलो आणि साहेबांना सांगितले. दुसऱ्या कोणी त्यांना असे सांगितले असते तर ते रागावले असते. पण एका खात्याने दुसऱ्या खात्याचा कागद शिक्क्यावरून परत करावा, यात त्यांना नातलग भेटल्यासारखे वाटले. त्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी शिक्के कोरणाऱ्या माणसाला घरून उठवून आणले. संध्याकाळपर्यंत सरकारचा चौकोनी शिक्का तयार झाला.

दोन जानेवारीला सकाळी नऊ वाजता आम्ही सगळे पेटीभोवती उभे होतो. गुरुजींनी दाखल्याच्या दोन प्रती केल्या. एक जाळली, कारण त्यांचे टपाल जाळूनच जाते, आणि एक साहेबांच्या हातात दिली. त्यावर लिहिले होते : एक नळी, किटणासह, सुस्थितीत उतरवून घेतली.

“जाळलेली प्रत पोचली, हे कशावरून?” साहेबांनी विचारले.

गुरुजींनी अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे काढले. एक बाजू सपाट, एक फुगीर. ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडले तर उत्तर ‘हो’. पडले तसेच. साहेब लिहू लागले, पण मला राहवले नाही.

“साहेब, एका निरीक्षणावर निष्कर्ष काढणं बरोबर नाही. निम्म्या वेळा असं आपोआपच पडेल.”

“तीनदा टाकायची रीतच आहे,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही घाई केलीत.”

तीनही वेळा ‘हो’ पडले. साहेबांनी ‘पोच मिळाली, तीन वेळा पडताळली’ असे लिहून चौकोनी आणि गोल दोन्ही शिक्के मारले, आणि लाल कागदाच्या कोपऱ्याला नख लावले. तेवढ्यात दारात ताऊके खाव आले. त्यांच्या मागे आह तियाम होता, खाली बघत.

“तुआन, एक मिनिट,” खाव म्हणाले. “चंडू बेटाबाहेर पाठवायचा हक्क कुणाचा? मक्तेदाराचा. माझ्या करारात स्पष्ट आहे. माझ्या संमतीशिवाय ही नळी कुठल्याही बंदरात जाऊ शकत नाही.”

साहेबांनी करार मागवला, वाचला, आणि त्यांचा चेहरा उतरला. “ताऊकेंचं बरोबर आहे.”

“मग द्या ना संमती, ताऊके,” बिबिक म्हणाली. “दहा वाजून गेलेत. अकराला मुहूर्त संपतो. मग हे माझ्या पुढच्या खोलीत एकेचाळीस दिवस.”

“देतो की. पण आज दिली तर उद्या दुसरा येईल, परवा तिसरा. वकिलाला विचारून सांगतो. आठ दिवस द्या.”

 बिबिकने पेटीवर हात ठेवला. मग तिने साहेबांना विचारले, “तुआन, त्या दाखल्यावर काय लिहिलंय? वाचा जरा.”

“एक नळी, किटणासह, सुस्थितीत उतरवून घेतली.”

“कधी?”

“आज. सकाळी नऊ वाजता.”

“शिक्का कुणाचा?”

“त्यांचा. आणि पोच पडताळल्याचा माझा.”

“मग नळी तिकडे पोचली. तिकडे पोचली ती या पेटीत कशी असेल? आणि पेटीत नसेल, तर हे ताऊके अडवतायत काय? माझ्या नवऱ्याला? त्याचा मक्ता कधी घेतला यांनी?”

साहेबांनी दाखला पुन्हा वाचला. मग पेटीकडे पाहिले. पेटीत नळी आहे, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होते. पण ती नाही, असा कागद होता. साहेबांच्या चेहऱ्यावरचे ढग गेले.

“पेटीत अडकवण्याजोगा माल नाही,” त्यांनी जाहीर केले आणि लाल कागद टरकन ओढून काढला.

“आणि माझी परवानगी?” खाव म्हणाले.

“माल गेल्यानंतर मागता येईल,” साहेब म्हणाले. “त्यासाठी वेगळा नमुना आहे.”

आह तियामने आपणहून पेटीला खांदा दिला. पावणेअकराला चुआ केंग स्वी टेकडीच्या मागे नीट पुरला गेला, कुंचल्यासकट आणि, कागदावर नसलेल्या, नळीसकट. घरी परतताना बिबिक मला म्हणाली, “आता झोपेल.”

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ताऊके खाव आठ दिवसांनी वकील घेऊन आलेच. त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. सरकारने परलोक हे बंदर म्हणून मान्य केले आहे, तिथला दाखला स्वीकारला आहे. मग अंत्यविधीला लोक मृतांसाठी कागदी नळ्या आणि कागदी चंडूच्या डब्या जाळतात, ती विनापरवाना निर्यात झाली. सरकारला हे मान्य करावे लागले. तेव्हापासून आमच्याकडे कागदी चंडू फक्त मक्त्याच्या दुकानात मिळतो, पांढऱ्या लेबलाचा. पुढच्या महिन्यात खाव यांनी लक्षात आणून दिले की आधी गेलेल्या सगळ्या पूर्वजांकडे हिरव्या आणि त्याहून जुन्या लेबलांचा माल असणार. त्यामुळे पूर्वजांना माल परत करण्यासाठी तीन दिवसांची मुदत देणारी नोटीस काढून, तिची एक प्रत जाळण्यात आली. मुदतीत कोणी आले नाही. साहेबांनी ती आणखी सहा महिने वाढवली.

आता एकच अडचण उरली. गेलेल्यांचा माल पांढऱ्या लेबलाचा आणि राहिलेल्यांचा लाल लेबलाचा. मग घेणारा गेलेला की राहिलेला, हे दुकानदाराने ओळखायचे कसे? त्यासाठी नियम झाला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने ‘बेटावरून निघून न गेल्याचा दाखला’ दाखवावा.

वर्षश्राद्धाला कागदी नळी घ्यायला बिबिक आली, तेव्हा मक्त्याच्या दुकानात दाखले तपासायला खिडकीवर माझी पाळी होती.

“दाखला, बिबिक?”

“कसला?”

“तुम्ही इथे असल्याचा.”

“ही काय मी तुझ्यासमोर उभी आहे.”

“ते दिसतंय हो. पण दिसणं फाइलला लावता येत नाही.”

“बरं. आणि तुझा कुठंय?”

मी खण उघडला. खणात नव्हता. मी साहेबांकडे गेलो, त्यांच्याकडेही नव्हता. नमुना काढून पाहिला तर तळाशी अट होती : ज्याच्या आगमनाची अधिकृत नोंद आहे आणि ती पडताळली आहे, अशा व्यक्तीची सही हवी. मी बेटावरच जन्मलो, माझ्या आगमनाचा दाखला कोण देणार? साहेब लंडनहून निघाल्याचा कागद होता, इथे उतरल्याचा नव्हता. ताऊके खाव यांचे आजोबा एका होडीत लपून आले होते, त्यामुळे त्यांनी विषय बदलला. दोन दिवस आम्ही सगळी दप्तरे उपसली. अख्ख्या बेटावर ज्याच्या आगमनाची रीतसर नोंद होती, नळीच्या दाखल्यावर ती नेणारा म्हणून का होईना, पण दोन्ही शिक्क्यांसह आणि तीन वेळा पडताळलेली, असा एकच माणूस निघाला. त्याला आम्ही मागच्या दोन जानेवारीला पुरले होते.

“विचारते मी त्याला,” बिबिक म्हणाली. “पण सकाळी नको. उशिरा उठतो.”

दुपारी कचेरीत गुरुजींनी लाकडी तुकडे टाकले. दोन्ही सपाट बाजू वर पडल्या.

“याचा अर्थ काय?” साहेबांनी विचारले.

“तो हसतोय,” गुरुजी म्हणाले.

साहेबांनी लिहिले, ‘साक्षीदार हसला.’ दुसऱ्या वेळी ‘हो’ पडले, मग आणखी दोनदा. सही म्हणून बिबिकने त्याच्या जुन्या रंगाने प्रत्येक दाखल्यावर एक डोळा काढला. त्या आठवड्यात बेटावरचे सगळे लोक, साहेबांसकट, अधिकृतपणे जिवंत झाले.

माझा दाखला माझ्या खणात आहे. त्यावरचा डोळा किंचित तिरळा आहे, पण शिक्के बरोबर आहेत, आणि कोणी विचारले तर तो दाखवल्याशिवाय मी आता स्वतःबद्दल बोलत नाही. तुम्ही हसत असाल. खुशाल हसा. फक्त तुम्ही हयात असल्याचा जो कागद तुम्ही जपून ठेवला आहे, त्यावर सही कुणाची आहे आणि तो गृहस्थ सध्या कुठे असतो, हे एकदा काढून बघा. सापडत नाही? मग हसणारे आपण कोण, हे आधी ठरवून घ्यायला हवे.